दप्तर ज्याच्या हाती: स्टालिन सत्तेवर कसा आला आणि मरेपर्यंत कसा टिकला

आपल्याकडे गावच्या सोसायटीचा चेअरमन मिरवणुकीत पुढं असतो. हार त्याच्या गळ्यात, बॅनरवर फोटो त्याचा. पण कुणाचं कर्ज मंजूर झालं, कुणाचं नाव थकबाकीत गेलं, नवीन सभासद कोण झाला आणि मतदार यादीतून कोण गळालं, हे विचारायला माणसं सेक्रेटरीकडं जातात. कारण दप्तर त्याच्याकडं असतं. भोकरदन असो, अंबड असो की परतूर, हे कुणाला शिकवायची गरज नाही.

रशियात १९२२ साली याच जातीची एक गोष्ट घडली. फक्त ती सोसायटी नव्हती, जगातला सर्वांत मोठा देश होता. आणि त्या दप्तराची किंमत लाखो माणसांनी जीव देऊन मोजली. त्यात आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातला एक माणूससुद्धा होता. त्याच्याबद्दल पुढं येतंच.

हे आत्ता का लिहितोय? १७ सप्टेंबर आला की आपण निजामाबद्दल, रझाकारांबद्दल, कासिम रझवीबद्दल बोलतो. बोललंच पाहिजे. पण ती सत्ता समजायला तशी सोपी आहे. गादी बापाकडून मुलाकडं आलेली, जहागीरदार सोबतीला, फौज हाताशी. माझा प्रश्न वेगळा आहे. जिथं राजा उलथवून टाकलाय, जमीनदार हाकललेत, सत्ता कामगार-शेतकऱ्यांची आहे असं घटनेतच लिहिलंय, तिथं एकच माणूस सगळ्यांचा मालक कसा होतो? तेही राजवाडा न घेता, गादी न मागता?

पोस्ट लांब आहे. निवांत वाचा.

१) स्टेजवरचे पुढारी आणि मागचा सेक्रेटरी

१९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीचा चेहरा लेनिन. त्याच्या खालोखाल ट्रॉट्स्की. लाल सेना त्यानं उभी केली आणि भाषणाला उभा राहिला की सभा डोक्यावर घ्यायचा. झिनोविएव्ह आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचा प्रमुख. बुखारिन पक्षाचा विद्वान, 'प्रावदा' या मुखपत्राचा संपादक. या सगळ्यांच्या तुलनेत जॉर्जियातल्या गोरी गावच्या चांभाराचा मुलगा योसिफ जुगाशविली, म्हणजे आपला स्टालिन, कुणाच्या फारसा नजरेत भरणारा नव्हता. त्याच्या रशियन बोलण्यात जॉर्जियन हेल होता, भाषणं कंटाळवाणी होती. पुस्तकी वादात तो या मंडळींच्या पासंगालाही पुरत नव्हता.

३ एप्रिल १९२२ ला त्याला पक्षाचा जनरल सेक्रेटरी केलं. बाकीच्यांना ते काम किरकोळ, कटकटीचं वाटत होतं. बैठकीचा अजेंडा काढायचा, इतिवृत्त लिहायचं, शाखांना पत्रं पाठवायची, कार्यकर्त्यांच्या बदल्या करायच्या. क्रांतिकारकांना असल्या कारकुनीत रस कशाला असेल?

पण जरा विचार करा. देशात एकच पक्ष. कारखान्याचा मॅनेजर, पेपरचा संपादक, रेल्वेचा अधिकारी, कॉलेजचा प्रमुख, सैन्यातला राजकीय अधिकारी, सगळ्या मोक्याच्या जागा पक्षाच्या मंजुरीनं भरायच्या. त्यासाठी १९२३ पासून पदांची रीतसर यादीच तयार झाली. तिला 'नोमेनक्लातुरा' म्हणत. ती यादी ज्या कार्यालयात, ते कार्यालय स्टालिनचं.

यातून एक चक्र सुरू झालं. केंद्रातला सेक्रेटरी प्रांताचे सेक्रेटरी नेमतो. प्रांताचा सेक्रेटरी ठरवतो की अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून कोण जाणार. हे प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडतात. आणि केंद्रीय समिती कायम कुणाला ठेवते? त्याच सेक्रेटरीला. कागदावर सगळं लोकशाहीच्या मार्गानं. हात वर, ठराव पास, टाळ्या.

एक गोष्ट इथंच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हत्यारं स्टालिननं बनवलेली नव्हती, त्याला ती तयार मिळाली. निवडून आलेली संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये एका दिवसात गुंडाळली ती लेनिनच्या काळात. 'चेका' ही गुप्त पोलीस यंत्रणा डिसेंबर १९१७ ची. बाकीचे पक्ष एकेक करून बंद पाडले तेही तेव्हाच. आणि मार्च १९२१ च्या दहाव्या अधिवेशनात पक्षाच्या आत गट करायलाही बंदी आली. पक्षाबाहेर विरोध आधीच संपला होता, आता पक्षातही तो गुन्हा झाला. गंमत म्हणजे पुढं याच नियमाखाली जे चिरडले गेले, त्यांनी त्या दिवशी या बंदीची पाठराखणच केली होती. आपण सत्तेत असताना केलेला नियम उद्या आपल्यावरच लावला जाईल, असं त्या हुशार माणसांच्या डोक्यात आलं नाही.

२) दाबलेलं पत्र

मे १९२२ मध्ये लेनिनला पक्षाघाताचा पहिला झटका आला, डिसेंबरमध्ये पुन्हा. अंथरुणावरून त्यानं अधिवेशनासाठी एक पत्र सांगून लिहून घेतलं. त्यात सगळ्या पुढाऱ्यांचे गुण-दोष होते. स्टालिनच्या हातात अफाट सत्ता गोळा झालीय आणि ती तो जपून वापरेल की नाही याची खात्री नाही, असा त्याचा सूर होता. ४ जानेवारी १९२३ ला त्यानं पुरवणी जोडली: हा माणूस फार उर्मट आहे, त्याला या पदावरून हलवण्याचा विचार करा.

२१ जानेवारी १९२४ ला लेनिन गेला. मे महिन्यात अधिवेशन भरलं. पत्र जाहीर वाचलं असतं तर स्टालिनचा कारभार तिथंच संपला असता. पण झिनोविएव्ह आणि कामेनेव्ह त्याच्या मदतीला धावले. का? त्यांना भीती ट्रॉट्स्कीची होती. सैन्य त्याच्या शब्दात, वक्तृत्व त्याच्याकडं. उद्या हा नेपोलियन झाला तर? त्यापेक्षा हा साधा सेक्रेटरी बरा. मग पत्र प्रतिनिधींना वेगवेगळ्या गटांत वाचून दाखवलं आणि बाजूला ठेवलं. छापायचं नाही असं ठरलं. सोव्हिएत जनतेला ते अधिकृतपणे वाचायला मिळालं १९५६ साली. तोवर वाचवणारे दोघंही गोळी खाऊन वीस वर्षं झाली होती.

इकडं स्टालिन लेनिनचा सगळ्यात मोठा भक्त झाला. अंत्यविधीच्या वेळी लेनिनच्या नावानं शपथांवर शपथा घेतल्या. देह मसाला भरून ठेवला, पेट्रोग्राडचं लेनिनग्राड झालं. गेलेल्या नेत्याचा खरा वारस मीच, हे सांगायला आपल्याकडंही किती धडपड चालते बघा. वारसा एकदा हातात आला की विरोधकाला उत्तर द्यावं लागत नाही. तो साहेबांच्या विचारांशी गद्दार आहे एवढं म्हटलं की पुरतं.

आणि लेनिनच्याच नावानं १९२४ मध्ये पक्षात दोन लाखांहून जास्त नवीन सभासद भरले. बहुतेक कारखान्यातले तरुण. क्रांतीच्या आधीचे वाद त्यांना माहीत नव्हते. पक्ष म्हणजे आपल्याला भरती करून घेणारं कार्यालय, एवढंच त्यांना ठाऊक. निवडणुकीच्या आधी सभासद यादी फुगवायची कला काही आपण शोधलेली नाही.

३) एकेकाला, एकेकाच्या मदतीनं

ह्या गोष्टीचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला हा वाटतो.

आधी झिनोविएव्ह, कामेनेव्ह आणि स्टालिन असे तिघं मिळून ट्रॉट्स्कीवर तुटून पडले. १९२५ च्या सुरुवातीला त्याचं सैन्याचं खातं गेलं. मग त्या दोघांच्या लक्षात आलं की आपलाच माणूस डोईजड झालाय. डिसेंबर १९२५ च्या अधिवेशनात कामेनेव्हनं उभं राहून स्पष्ट सांगितलं की पक्षाला एकत्र ठेवण्याचं काम हा माणूस करू शकत नाही. सभागृहानं आरडाओरडा करून त्याचा आवाज दाबला. सभागृहात बसलेले लोक कुणी नेमले होते, ते वर सांगितलंच आहे.

आता स्टालिनच्या बाजूला होता बुखारिन. शेतकऱ्याला थोडं मोकळं सोडा, त्याला चार पैसे मिळू द्या, या मताचा. त्याच्या मदतीनं ट्रॉट्स्की आणि झिनोविएव्ह दोघंही नोव्हेंबर १९२७ मध्ये पक्षातून बाहेर. जानेवारी १९२८ मध्ये ट्रॉट्स्कीला पार अल्मा-आटाला धाडलं, पुढच्या वर्षी देशाबाहेर. १९४० साली मेक्सिकोत स्टालिनच्या माणसानं त्याच्या डोक्यात बर्फ फोडायची कुऱ्हाड घातली.

मग पाळी बुखारिनची. १९२८ मध्ये धान्याची वसुली कमी पडली, स्टालिननं शेतकऱ्यावर जबरदस्ती सुरू केली, बुखारिननं विरोध केला. जुलै १९२८ मध्ये तो गुपचूप कामेनेव्हला भेटायला गेला. ज्याला त्यानं स्वतःच पाडलं होतं त्यालाच! स्टालिन हा चंगेजखान आहे, असं त्याला सांगितलं. पण उशीर झाला होता. नोव्हेंबर १९२९ मध्ये तोही गेला. डिसेंबरमध्ये स्टालिनचा पन्नासावा वाढदिवस देशभर दणक्यात साजरा झाला. पेपर भरून शुभेच्छा, चौकाचौकात फोटो.

सात वर्षांत एकही रणगाडा रस्त्यावर आणावा लागला नाही. प्रत्येक वेळी बळी जाणाऱ्याला वाटत होतं की दुसऱ्याचा काटा निघतोय तर निघू द्या, आपलं काय जातं.

४) शेतकऱ्याचं काय झालं

आपण शेतकऱ्यांचा जिल्हा, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

१९२९ च्या अखेरीपासून जमीन, बैल, घोडे, अवजारं सगळं सामुदायिक शेतात जमा करायची मोहीम निघाली. विरोध करणाऱ्यावर 'कुलक' असा शिक्का. कुलक म्हणजे गावातला धनवान शेतकरी. प्रत्यक्षात दोन गायी जास्त असलेला, सुगीला एखादा गडी लावणारा, किंवा नुसतं सेक्रेटरीशी वाकडं असलेला माणूसही कुलक ठरला. १९३०-३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसांना बायकापोरांसकट गाड्यांत कोंबून सैबेरिया आणि उत्तरेकडं पाठवलं.

मग आला दुष्काळ, १९३२-३३ चा. पीक कमी होतंच, पण सरकारी वसुलीचा आकडा मात्र कमी होईना. निजामाच्या काळातली लेव्ही आठवणारी घरं आपल्याकडं आहेत, घरातलं धान्य सक्तीनं मोजून न्यायचे. तिथं तर बियाणंसुद्धा उचललं. ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा असा की सामुदायिक शेतातलं धान्य चोरलं तर गोळी, नाहीतर किमान दहा वर्षं तुरुंग. कापणीनंतर पडलेली कणसं वेचणाऱ्या बायापोरांवरही तो लावला. गाव सोडून शहरात जावं तर डिसेंबर १९३२ पासून अंतर्गत पासपोर्ट आला, आणि सामुदायिक शेतावरच्या शेतकऱ्याला तो द्यायचाच नाही असं धोरण. याच काळात धान्याची परदेशी निर्यात चालू होती. मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या वर जातो. एकट्या युक्रेनमध्ये तीस लाखांहून जास्त, कझाकस्तानात सुमारे पंधरा लाख.

पेपरात यातलं काहीच नाही. 'दुष्काळ' हा शब्द उच्चारणं हाच अपप्रचार. पुढं १९३७ मध्ये जनगणना झाली, माणसं अपेक्षेपेक्षा लाखोंनी कमी भरली. मग काय केलं? जनगणना रद्द केली आणि मोजणाऱ्या तज्ज्ञांना अटक केली.

आता आपला १९७२ चा दुष्काळ आठवा. जालना, बीड, औरंगाबाद, सगळा मराठवाडा होरपळला. विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसांनी लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, पोटासाठी खडी फोडली. हाल झाले, मोठे हाल झाले. पण पेपरात रोज बातम्या येत होत्या. विधानसभेत विरोधक सरकारला सळो की पळो करत होते. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप सगळे मोर्चे काढत होते. सरकारला कामं काढावी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला बळ आलं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ओरडायचा हक्क असलेल्या देशात सरकारला उपाशी माणसाकडं पाठ फिरवून बसता येत नाही, हे अमर्त्य सेन यांनी पुढं जगाला सांगितलं. त्यांच्या आणि ज्याँ द्रेझ यांच्या लिखाणात महाराष्ट्राच्या या दुष्काळाचा दाखला मुद्दाम येतो.

५) हैदराबादचा वीरेंद्रनाथ आणि वर्ध्याचा पांडुरंग

१ डिसेंबर १९३४ ला लेनिनग्राडचा पक्षप्रमुख किरॉव्ह याचा खून झाला. स्टालिननं तो धागा पकडला. ऑगस्ट १९३६ मध्ये झिनोविएव्ह आणि कामेनेव्ह कोर्टात उभे राहून आम्ही कट केला असं कबूल करताना जगानं पाहिले. मार्च १९३८ मध्ये बुखारिन. तिघांनाही गोळ्या. १९३४ च्या अधिवेशनाला आलेल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना अटक झाली. त्यांनी निवडलेल्या केंद्रीय समितीतल्या १३९ पैकी ९८ जणांना गोळ्या घातल्या. हे आकडे पुढं खुद्द ख्रुश्चेव्हनं सांगितले. म्हणजे कम्युनिस्टांना सगळ्यात जास्त कुणी मारलं असेल तर स्टालिननं.

पण पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं कितीतरी जास्त मेली. ३० जुलै १९३७ ला गुप्त पोलिसांचा ००४४७ नंबरचा आदेश निघाला. त्यात प्रत्येक प्रांताला कोटा ठरवून दिला होता. पहिल्या वर्गातल्यांना गोळी, दुसऱ्या वर्गातल्यांना आठ ते दहा वर्षं छावणी. सुरुवातीचा आकडा अडीच लाखांच्या वर, त्यातले सुमारे ७६ हजार पहिल्या वर्गात. निकाल द्यायला तिघांची समिती, वकील नाही, अपील नाही. खालचे अधिकारी वरती लिहायचे, आमचा कोटा संपला, वाढवून द्या. मागं पडलो तर आपल्यालाच शत्रू समजतील ही भीती. १९३७-३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ माणसांना गोळ्या घातल्याची नोंद त्यांच्याच कागदपत्रांत आहे.

यातच आपल्या हैदराबादचा तो माणूस गेला. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय. सरोजिनी नायडूंचा धाकटा भाऊ, १८८० चा जन्म. वडील अघोरनाथ हैदराबादेत निजाम कॉलेजचे प्राचार्य. जालना तेव्हा त्याच संस्थानात. हा पोरगा इंग्लंडला शिकायला गेला आणि क्रांतिकारक झाला. पहिल्या महायुद्धात बर्लिनमधून इंग्रजांविरुद्ध काम केलं. पुढं रशियात स्थायिक झाला, लेनिनग्राडमध्ये मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करायचा. जुलै १९३७ मध्ये त्याला उचललं आणि २ सप्टेंबर १९३७ ला गोळी घातली. ज्यानं आयुष्यभर इंग्रजांना चुकवलं तो इंग्रजांच्या हातून मेला नाही, कामगारांच्या राज्यात मेला. नेमकं काय झालं हे इकडं बराच काळ नीट कळलंही नाही. ताश्कंदला १९२० मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत असलेले अबनी मुखर्जी, त्यांचाही शेवट १९३७ मध्ये असाच झाला.

आता दुसरं नाव. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथांसोबत बर्लिनहून मॉस्कोला जे भारतीय क्रांतिकारक गेले, त्यात एक मराठी माणूस होता. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर पार्टीचे. ते मात्र रशियात राहिले नाहीत. १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मका आणि गव्हावर काम केलं. दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं भिंतीवर त्यांचं चित्र काढलं. स्वातंत्र्यानंतर भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. दोघांचं ध्येय एक, धाडस एक, १९२१ चा प्रवासही एक. दोघांच्या शेवटात फरक पडला तो ते कोणत्या देशात राहिले यामुळं.

मारणारेही वाचले नाहीत. गुप्त पोलिसांचा प्रमुख यागोदा १९३८ मध्ये गोळी खाऊन मेला, त्याच्या जागी आलेला येझोव्ह १९४० मध्ये. येझोव्हचा स्टालिनसोबतचा कालव्यावरचा फोटो होता, त्यातून येझोव्हला पुसून तिथं नुसतं पाणी दाखवलं. काम झालं की सगळं पाप त्याच्या माथी. लोकांना वाटायचं, स्टालिनला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं, खालचे लोक वाईट. हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?

६) नुसत्या भीतीवर राज्य चालत नाही

भीती होतीच. पण वर्षानुवर्षं माणसं फक्त भीतीनं उभी राहत नाहीत. आणखी तीन गोष्टी होत्या.

पहिली, फायदा. एकाला उचललं की त्याची खुर्ची रिकामी होते. त्या खुर्चीवर तरुण चढत होते. कोसिगिन १९३९ मध्ये चौतिसाव्या वर्षी मंत्री झाला. पुढं लालबहादूर शास्त्री आणि अयुब खान यांच्यात ताश्कंद करार घडवून आणणारा तो हाच. अधिकाऱ्यांना वेगळी दुकानं, बरं घर, मोटार. बाकीचा देश रांगेत. ज्याला हे मिळालं तो तोंड उघडत नाही.

दुसरी, खरोखरची कामं. शाळा निघाल्या, अडाणी शेतकऱ्यांची पोरं इंजिनियर झाली, पोलादाचे कारखाने उभे राहिले. आणि हिटलरला अडवला तो प्रामुख्यानं रशियानं, दोन कोटींहून जास्त माणसं गमावून. म्हणूनच १९४३ मध्ये मुंबईच्या कामगार वस्तीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठेंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. त्यांना आज हसणं सोपं आहे. पण ज्या माणसाला इथल्या जातीनं शाळेत टिकू दिलं नाही, त्याला एका चांभाराच्या पोराच्या देशाबद्दल ओढ वाटली तर त्यात नवल काय? त्यांच्यापर्यंत पोचली ती स्टालिनग्राडची लढाई. ००४४७ नंबरचा आदेश कुलूपबंद होता. बातम्या बंद ठेवणाऱ्या सत्तेचा पहिला बळी घरचे लोक, दुसरा बळी लांबचे भाबडे मित्र.

तिसरी गोष्ट, दिखावा. डिसेंबर १९३६ ची सोव्हिएत घटना वाचली तर भाषणाचं, छपाईचं, सभेचं स्वातंत्र्य सगळं आहे. डिसेंबर १९३७ मध्ये, कोटे भरत असतानाच, निवडणूक झाली. मतपत्रिकेवर एकच नाव. सरकारी उमेदवारांना ९८ टक्क्यांहून जास्त मतं.

याच्या उलट आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९५१ च्या सुरुवातीला भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे चार नेते गुपचूप मॉस्कोला गेले. त्यात आपले श्रीपाद अमृत डांगे होते. विषय होता तेलंगणातला सशस्त्र लढा, म्हणजे आपल्याच जुन्या संस्थानातला. तो चालू ठेवायचा की थांबवायचा? स्टालिननं थांबवण्याकडं कल दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लढा मागं घेतला. नलगोंड्याच्या शेतकऱ्यानं बंदूक ठेवावी की नाही हे मॉस्कोला विचारावं लागत होतं, यावरून त्या माणसाचा दबदबा कळतो. पण पुढं काय झालं? काही महिन्यांत पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. त्याच नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन लोकसभेत गेले. काल सरकारशी लढणारा माणूस आज त्याच सरकारसमोर बसून भांडतोय. स्टालिनच्या राज्यात अशा माणसासाठी खुर्ची नव्हती, यादी होती.

७) शेवट, आणि पुन्हा तेच दप्तर

१ मार्च १९५३. मॉस्कोजवळच्या बंगल्यात स्टालिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही. न बोलावता आत जायची पहारेकऱ्यांची हिंमत होईना. रात्री आत गेले तर तो जमिनीवर पडलेला. डॉक्टर यायला आणखी कितीतरी तास गेले. नामांकित डॉक्टरांना तर त्यानंच दोन-तीन महिन्यांपूर्वी कटाच्या आरोपाखाली आत टाकलं होतं. ५ मार्चला तो मेला. आपणच पेरलेल्या भीतीमुळं त्याच्या दाराबाहेर माणसं उभी होती आणि आत कुणी जात नव्हतं.

मग पुढचा मालक कोण झाला? पुन्हा पक्षाचा सेक्रेटरीच, ख्रुश्चेव्ह. त्यानं २५ फेब्रुवारी १९५६ ला बंद दाराआड भाषण करून स्टालिनचं पितळ उघडं पाडलं. १९६१ मध्ये स्टालिनचा देह लेनिनच्या शेजारून काढला, स्टालिनग्राडचं नाव वोल्गोग्राड झालं. अण्णा भाऊंचा रशियाचा प्रवास त्याच वर्षीचा. आणि १९६४ मध्ये खुद्द ख्रुश्चेव्हला कुणी घालवलं? त्याच्याच हाताखालच्या ब्रेझनेव्ह आणि मंडळींनी, बैठक बोलावून. आजही चीनमध्ये शी जिनपिंग यांची खरी ताकद राष्ट्राध्यक्षपदात नाही, पक्षाच्या सरचिटणीसपदात आहे. उत्तर कोरियात तर कामगारांच्या पक्षाची गादी आजोबाकडून मुलाकडं आणि मुलाकडून नातवाकडं गेली. निजामाच्या गादीपेक्षा वेगळं काय राहिलं?

डाव्या मित्रांना हे वाचून राग येईल. त्यांना एवढंच सांगतो, जालन्यात, बीडमध्ये, नाशकात शेतमजुरांसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी लाल झेंडा घेऊन उन्हात उभे राहणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. ते मोर्चा काढू शकतात, कारण इथं दुसरा पक्ष काढायला, पेपर काढायला, कोर्टात जायला वाव आहे. स्टालिनच्या राज्यात त्यांचाच नंबर आधी लागला असता. आणि उजवीकडच्या मित्रांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. हा आजार फक्त लाल झेंड्याला होत नाही. १९७५ ला आपल्याकडं आणीबाणी आली, पेपरांवर सेन्सॉर आला, हजारो लोक आत गेले. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी निषेध केला, पुढं त्यांनाही अटक झाली. तरी १९७७ मध्ये मतपेटीनं ते सरकार घालवलं. मतपेटी शिल्लक होती, म्हणून ते झालं.

म्हणून स्टालिनची गोष्ट वाचताना गोळ्यांचे आकडे लक्षात ठेवाच, पण त्याच्या आधीची पंधरा वर्षंही लक्षात ठेवा. विरोधी पक्ष बंद झाला तेव्हा पक्षातले खूश होते. पक्षातला विरोध बंद झाला तेव्हा पुढारी खूश होते. पत्र दाबलं तेव्हा दोघं खूश होते. प्रत्येक पायरीवर कुणीतरी म्हणालं, आपलं काय जातंय.

आपल्या हातात मॉस्को नाही. सोसायटी आहे, पतसंस्था आहे, दूध संघ आहे, ग्रामसभा आहे, आपापला पक्ष आहे. सभासद यादी कोण करतं ते बघा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणा. ठरावाला एकजण विरोधात उभा राहिला तर तो तुमच्या गटाचा नसला तरी त्याला बोलू द्या. नाही मिळालं दप्तर बघायला, तर कायद्यानं मागा. ही फार मोठी क्रांती नाही. पण ज्या देशांत हे करायचं राहून गेलं, तिथं पुढं क्रांती करणारेही वाचले नाहीत.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा. ते करता येतंय तोवर बरं चाललंय असं समजायचं.